दोन सेकंद आणि तेवीस दिवस

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवारी यंत्रे बंद असतात, तरी आठवड्याचे सहा दिवस लेथच्या आवाजावर आवाज चढवून बोलण्याची सवय जडलेली माणसे त्या दिवशीही मोठ्यानेच बोलतात. आणि म्हणूनच गेल्या श्रावणातील एका गुरुवारी आमच्या मामांच्या गाळ्यातील पत्र्याच्या केबिनमध्ये मामा-भाचीचा जो वाद रंगला, तो शेजारच्या गाळ्याच्या रखवालदारानेही शब्दशः ऐकला असावा असा माझा कयास आहे.

मामा हे वास्तविक तिचे मामा; परंतु तिच्यामागून आम्ही सर्वच स्नेही त्यांना मामा म्हणू लागलो. चिंचवडच्या एका मोठ्या मोटार-कारखान्यात गुणवत्ता-तपासणीच्या खात्यात तीस वर्षे गेज आणि मायक्रोमीटर यांच्या संगतीत काढल्यानंतर त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून भोसरीत चार सीएनसी यंत्रे मांडली, आणि आज ते चाकणच्या एका मोठ्या कंपनीला (नाव कशाला घ्या) शाफ्ट आणि बुश पुरवतात. भाची तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कात नोकरीस आहे. मोठे खरेदीदार, त्यांचे शेकडो पुरवठादार आणि त्यांना पैसा पुरविणाऱ्या बँका यांची बिले ज्या सामाईक खतावणीत नोंदली जातात, आणि जिची प्रत एकाच्या कपाटात न राहता प्रत्येक पक्षाच्या संगणकावर राहते, ती ब्लॉकचेन नावाची खतावणी अहोरात्र चालती आहे की नाही यावर नजर ठेवणे हे तिचे काम. मामा तिला थट्टेने 'आमची जागल्या' म्हणतात. पूर्वी गावचा जागल्या रात्री आरोळी देत फिरे. ही रात्री फोन उशाशी घेऊन निजते, एवढाच फरक.

वादाला निमित्त झाले ते मामांच्या निळ्या पुठ्ठ्याच्या रोजनिशीचे. एका बिलाच्या पाच तारखा त्यांनी तीत पाच रकान्यांत लिहिल्या होत्या : २ तारखेस माल चाकणच्या गेटातून आत गेला, ९ तारखेस माल मिळाल्याची पावती, जिला सारा औद्योगिक पट्टा जीआरएन म्हणून ओळखतो, ती निघाली, त्याच दिवशी बिल चढवले, २४ तारखेस खरेदीदाराने ते मान्य केले, २५ तारखेस पैसे खात्यावर आले. भाचीने मात्र त्याच सुमारास आपल्या लॅपटॉपवर मोठ्या कौतुकाने एक हिरवी रेघ दाखवली होती, जिच्याखाली नोंदीस लागणारा काळ म्हणून दोन सेकंदांहून किंचित अधिक असा आकडा झळकत होता. मामांचे बिल तिच्याच खतावणीतून जाते की दुसऱ्या कुठल्या, हे तिने सांगितले नाही. नोकरीच्या अटींत ते बसत नसावे.

"तुझे दोन सेकंद आणि माझे तेवीस दिवस," मामा म्हणाले, "यांतले खरे कुठले?"

"दोन्ही खरे, मामा. तुम्ही वेगळी वस्तू मोजलीत, मी वेगळी."

"मग तू मोजतेस ती वस्तू कुणाच्या उपयोगाची?"

येथे वाचकासाठी थोडे थांबले पाहिजे, कारण बिलावर आगाऊ पैसे उचलणे ही गोष्ट आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. मुदती हुंडी वटविणाऱ्या सावकारापुढे जी धास्ती असे तीच आजच्या बँकेपुढे आहे : हाच कागद दाखवून या गृहस्थाने दुसऱ्या पेढीवरूनही पैसे उचलले नसतील कशावरून? हुंडी हरवली तर तिच्याऐवजी जी दुसरी नक्कल मिळे तिला पेठ म्हणत आणि तीही हरवली तर परपेठ. आणि या नकलांना वेगळी नावे देण्याचे कारणच हे की एका रकमेचे दोन वेळा वाटप होऊ नये. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ज्यांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ज्यांचे कामकाज २०१७ पासून सुरू झाले त्या 'ट्रेड्स' मंचांवर लहान पुरवठादार बिल चढवतो, मोठा खरेदीदार ते मान्य करतो, बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात, आणि मुदतीच्या दिवशी बँक आपली रक्कम खरेदीदाराकडून वसूल करते. त्याने ती बुडवली तरी पुरवठादाराच्या दारी येत नाही. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इनव्हॉइसमार्ट हे पहिले तीन मंच परस्परांचे स्पर्धक. तेव्हा एकाच बिलाची परपेठ तिन्हीकडे फिरू नये म्हणून २०१८ मध्ये त्यांनी मोनेटागो या संस्थेने हायपरलेजर फॅब्रिक नावाच्या पायावर उभारलेली एक सामाईक नोंद वापरण्यास घेतली. स्पर्धकाला आपले गिऱ्हाईक कळू नये आणि तरीही दुबार बिल पकडले जावे, ही अडचण तीत अशी सोडविली आहे की बिल उघडे न करता त्याच्या तपशिलांतून गणिताने काढलेला ठसा तेवढा तेथे तपासला जातो. आमच्याच पट्ट्यात ज्यांच्या गाड्या चाकणला तयार होतात त्या महिंद्र समूहाने आयबीएमच्या साह्याने पुरवठादारांच्या अर्थसाह्यासाठी अशीच खतावणी उभारण्याचे नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केले होते. म्हणजे विषय परका नाही. भाचीची नोकरी तेवढी नवी आहे.

"उपयोगाची कुणाच्या ते सांगते," भाची म्हणाली. "नोंद आमच्याकडे आली की ती आधी ठरलेल्या दोन-तीन संस्थांच्या नोडांकडे, म्हणजे जाळ्यातल्या त्यांच्या संगणकांकडे, जाते. ते तपासून सही करतात."

"मखलाशी," मी मध्येच म्हणालो. जुन्या दफ्तरांतील शब्द वापरण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

"असेल. मग क्रम लावणारे नोड आलेल्या नोंदींची रांग लावतात आणि तिचा गठ्ठा बांधतात, तो ब्लॉक. तो गठ्ठा प्रत्येक पक्षाकडे जातो, प्रत्येक जण आपापल्या वहीशी त्याची रुजवात घालतो आणि मगच चढवतो. या प्रत्येक टप्प्यावर मी घड्याळ लावले आहे. कारण विलंब झाला तर तो सहीपाशी झाला, रांगेत झाला की चढवण्यात झाला, हे मला कळले पाहिजे. तुमच्या रोजनिशीत तेवीस दिवस दिसतात, पण त्यांतला माझा वाटा किती, हे तिच्यावरून कळेल का?"

"कळेल. शून्य," मामा म्हणाले, आणि स्वतःच हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, "आणि गठ्ठा बांधायला किती नोंदी लागतात?"

प्रश्न साधा होता, परंतु उत्तरात जी गंमत निघाली ती मला अजून पुरती विसरता आलेली नाही. गठ्ठा दोन कारणांनी बांधला जातो : एक तर ठरलेली संख्या भरली म्हणून, किंवा ठरलेला वेळ संपला म्हणून, आणि फॅब्रिकच्या नमुन्याच्या मांडणीत हा वेळ दोन सेकंदांचा असतो. भोसरीच्या नाक्यावर ज्यांनी सहा आसनी रिक्षेत बसून उतारूंची वाट पाहिली आहे त्यांना याहून अधिक विवरणाची गरज नाही. सहा डोकी भरली की गाडी निघते, नाहीतर ड्रायव्हरचा धीर सुटला की निघते. आणि म्हणून भर दुपारच्या गर्दीत पहिला उतारू लगेच मार्गस्थ होतो, तर पहाटे चारला एकटाच आलेला बिचारा ड्रायव्हरचा धीर सुटेपर्यंत बसून राहतो. भाचीच्या खतावणीतही रात्री काम कमी असताना प्रत्येक नोंदीचा विलंब दुपारपेक्षा वाढलेला दिसतो, आणि नवा लागलेला एखादा मुलगा ती रेघ चढलेली पाहून घाबरून तिला उठवतो.

"त्याला मी एवढेच सांगते," ती म्हणाली, "की आधी पाहा, रांगेत माणसे आहेत का. विलंबाचा आकडा एकटा वाचायचाच नाही. त्याच्या शेजारी नोंदींची संख्या ठेवून वाचायचा."

मामांना हे पटले, आणि ज्याला प्रतिपक्षाचे एखादे म्हणणे पटते तो पुढचा हल्ला अधिक जोराने करतो या न्यायाने ते म्हणाले, "ठीक. आता सांग, तासाला इतक्या नोंदी झाल्या असे तू वरच्यांना कळवतेस, त्यांत नापास किती?"

भाचीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "तुम्हांला कुणी सांगितले की नापास नोंदीही गठ्ठ्यात राहतात?"

"कुणी सांगायला कशाला हवे? तीस वर्षे मी हेच पाहिले. पाळी संपताना फलकावर हजार नग लिहायचे आणि त्यांतले साठ लाल पेटीत पडलेले असायचे."

मामांचा नेम बरोबर लागला होता. एकाच खात्याच्या त्याच जुन्या शिलकेवर विसंबून दोन नोंदी एकाच वेळी आल्या, तर रुजवातीच्या वेळी पहिली ग्राह्य ठरते आणि दुसरी अवैध. परंतु अवैध ठरलेली नोंद गठ्ठ्यातून काढून टाकली जात नाही, तिच्यावर तसा शिक्का मारून ती तेथेच ठेवली जाते, कारण या खतावणीत खाडाखोड निषिद्ध आहे. परिणामी गठ्ठ्यांची संख्या वाढते आहे, रेघ हिरवी आहे, आणि गिऱ्हाइकाचे काम मात्र झालेले नाही, असा प्रसंग सहज उद्भवू शकतो. हायपरलेजरच्या कार्यगटाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मोजमापाच्या व्याख्यांची जी पुस्तिका काढली तिच्यात नेमके हेच बजावले आहे की अवैध नोंदी वजा करून उरतील त्यांवरूनच वेग सांगावा; शिवाय एखाद्या सोयीच्या नोडावरचा वेग न सांगता साऱ्या जाळ्याचा सांगावा; आणि विलंब मोजताना जाळ्याच्या किती हिश्श्यापर्यंत नोंद पोचल्यावर घड्याळ थांबवले, तेही नमूद करावे. असली पुस्तिका काढावी लागली, याचा अर्थ त्यापूर्वी प्रत्येक विक्रेता आपापल्या फुटपट्टीने कापड मोजत होता.

"तेवढ्याने भागत नाही," मामा म्हणाले. "तुझा तो दोन सेकंदांचा आकडा सरासरीचा. सरासरी व्यासाचा शाफ्ट बेअरिंगमध्ये बसत नाही, बाई. प्रत्येक नग बसावा लागतो."

"म्हणूनच मी पंचाण्णवावा आणि नव्व्याण्णवावा काढते. शंभर नोंदी लहान विलंबापासून मोठ्या विलंबापर्यंत ओळीने उभ्या केल्या, तर नव्व्याण्णवाव्या जागेवरच्या नोंदीला किती वेळ लागला ते."

"आणि शंभरावा मी असलो तर?"

"तर तुम्ही फोन कराल, मामा. तुम्ही गप्प बसणाऱ्यांतले नाही."

यावर आम्ही तिघेही हसलो, आणि केबिनच्या दारातून आलेल्या पोऱ्याने चहा ठेवला. परंतु वादाचा खरा गाभा अजून पुढेच होता, आणि तो भाचीने उघडला. समजा, ती म्हणाली, बिल मान्य झाले आहे, बँकेची बोली आली आहे, आणि दुबार बिल आहे की नाही ते पाहणारी जी सामाईक नोंद, तिचे जाळे उत्तरच देत नाही. बिल अडवायचे की पुढे जाऊ द्यायचे? अडवले तर शेकडो पुरवठादारांचे पैसे विनाकारण खोळंबतात. जाऊ दिले तर ज्या एका गोष्टीसाठी ही सारी यातायात, तीच वगळली जाते.

"जाऊ द्यायचे," मामा एका श्वासात म्हणाले. "माझ्या माणसांचा पगार सात तारखेला असतो. तुमचे यंत्र आजारी पडले म्हणून मी त्यांना थांबा म्हणू?"

"पोका-योकेच्या किल्लीची गोष्ट तुम्हीच सांगितली होती मला. मी दहावीत होते."

मामा गप्प झाले. ती गोष्ट मीही ऐकली होती. त्यांच्या नोकरीच्या काळात, कोणत्या कारखान्यात ते सांगण्याचे प्रयोजन नाही, एका जोडणी-स्थानकावर चुकीचा भाग बसूच नये म्हणून एक संवेदक लावलेला होता; अशा योजनेलाच पोका-योके म्हणतात. भाग चुकला की लाइन आपोआप थांबे. एके रात्री तो संवेदकच बिघडला आणि बरोबर भागालाही अडवू लागला. लाइन थांबली की साऱ्या पट्ट्यावर ओरडा होतो, तो टाळण्यासाठी पाळीच्या प्रमुखाने बायपासची किल्ली फिरवली. लाइन सुरू झाली. आणि किल्ली फिरवलेली आहे हे पुढच्या पाळीला कुणी सांगितलेच नाही. चुकीचे भाग बसलेल्या गाड्या पुढे आवारातून हुडकून काढाव्या लागल्या, आणि त्या हुडकणाऱ्यांत मामा होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज गुरुवारी शोभेल इतका उतरला होता, "किल्ली फिरवणे हा गुन्हा नव्हता. कधी कधी फिरवावी लागते. त्यानंतर आम्ही एक लाल वही घातली. किल्ली किती वाजता फिरवली, कुणी फिरवली, कुणाच्या हुकुमाने, त्या काळात कितवा ते कितवा नग गेला, आणि किल्ली परत केव्हा आली. ते नग वेगळे उभे करायचे आणि यंत्र दुरुस्त झाल्यावर पुन्हा तपासायचे. वही नसेल तर किल्ली नाही."

"मग मला तुमच्या रकान्यांसारखाच एक रकाना लागेल," भाची कागदावर खरडत म्हणाली. "तपासणीविना पुढे गेलेली बिले किती, त्यांतली मागाहून तपासली किती, उरली किती. उरलेली शून्य होईपर्यंत रेघ हिरवी करायची नाही."

मला वाटते, त्या दुपारी जे काही हाती लागले ते हेच. जाळे किती सेकंदांत उत्तर देते हे मोजणारे पुष्कळ भेटतील. ते उत्तर देत नसताना त्याच्या नावाखाली काय काय पुढे गेले, याची वही घालणारा विरळा. वेगाचे यश मिरवता येते, आणि वगळलेल्या तपासणीची नोंद ठेवणे म्हणजे आपल्याच हाताने आपली कसूर लिहून ठेवणे होय. मनुष्यस्वभाव दुसऱ्या कामाला सहजासहजी तयार होत नाही.

परंतु मामांना एकदा अंशतः जिंकले म्हणून भाचीने त्यांना सोडले असे नाही. त्यांचा मूळ सिद्धांत, की मोजमाप गिऱ्हाइकाच्या दारी करावे, आतल्या घड्याळांना अर्थ नाही, तो तिने आता हाती घेतला.

"क्रम लावणारे आमचे पाच नोड आहेत. काम चालायला त्यांपैकी तीन जागे असावे लागतात. म्हणजे दोन मेले तरी दाराशी उभ्या असलेल्या तुम्हांला काही कळत नाही. नोंद दोन सेकंदांतच होते. तुमच्या रोजनिशीत सारे आलबेल. आणि तिसरा पडला की त्या क्षणी नवी नोंद बंद, साऱ्यांची. दारावरून मोजणाऱ्याला आदला इशारा मिळतच नाही, मामा."

"पाचांपैकी तीन एकदम कसे पडतील?"

"एका ठिकाणी पाचही एकदम पडले होते." ते ठिकाण कोणते हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. "प्रत्येक नोडाकडे ओळख पटवण्याचे प्रमाणपत्र असते. फॅब्रिकच्या नेहमीच्या मांडणीत त्याची मुदत एक वर्ष. पाचही नोड एकाच दिवशी उभे केले होते. वर्षाने त्याच दिवशी पाचांचीही मुदत सरली, आणि एक नोड दुसऱ्याला ओळखेना. यंत्रे धडधाकट, वीज आहे, जागा आहे, सारे आकडे ठीक. मुदतीवर नजर ठेवणारे घड्याळ तेवढे कुणी लावले नव्हते."

मामांनी उठून टेबलाच्या खणातून एक स्नॅप गेज काढला आणि त्यावर चिकटवलेली कॅलिब्रेशनची चिठ्ठी तिला दाखवली; पुढची तारीख तीवर शाईने लिहिलेली होती. "माझ्याकडे बारा गेज आहेत, पण बाराही एका दिवशी तपासणीला जात नाहीत. दर महिन्याला एक. सगळे एकदम गेले तर त्या दिवशी मी कशाने मोजू?" मग किंचित विजयी मुद्रेने, "आणि तुझ्या घड्याळांचे कॅलिब्रेशन कोण करते?"

हा प्रश्न वरकरणी खोचक, पण रास्त होता. नोंद निघाली ती वेळ एका संगणकाच्या घड्याळावर टिपलेली असते आणि चढली ती वेळ दुसऱ्याच्या. दोहोंत अर्ध्या सेकंदाची तफावत असली तर विलंबाचा आकडा तेवढ्याने खोटा होतो, आणि भाचीच्या म्हणण्याप्रमाणे तिने असाही आकडा पाहिला आहे की ज्यावरून नोंद निघण्यापूर्वीच चढली होती. म्हणून सारी घड्याळे एका मूळ घड्याळाशी सतत जुळवून घ्यावी लागतात, आणि ती जुळली आहेत की नाहीत यावरही एक नजर ठेवावी लागते. पहारेकऱ्यावर पहारेकरी, ही परंपरा आमच्या दफ्तरांना नवी नव्हे. फडणिसाने लिहावे आणि मुजुमदाराने तपासावे, असे तिचे जुने रूप होते.

येथे मीही थोडे तोंड घातले. म्हटले, ही झाली ओळखीच्या मंडळींची बंद खतावणी. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत मार्च २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या खुल्या, जगभर पसरलेल्या साखळीशी जोडण्याचे काम झाले, आणि त्याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ती साखळी एका सुधारणेच्या वेळी अकराएक तास ठप्प झाली होती, असे वाचल्याचे मला स्मरते. एटापल्लीच्या विद्यार्थ्याने अशा वेळी काय करावे?

"लिहिणे थांबले तरी आधी लिहिलेले वाचता येते," भाचीने सांगितले. "प्रमाणपत्र पडताळणाऱ्याला वाचायचेच असते. म्हणून वाचण्याचा विलंब आणि लिहिण्याचा विलंब हे दोन रकाने कधीही एक करायचे नाहीत. आणि खुल्या साखळीत तिसराही एक रकाना लागतो. मे २०२३ मध्ये इथेरियम या दुसऱ्या खुल्या साखळीवर गठ्ठे येत होते, नोंदी होत होत्या, पण त्या कायम झाल्याचा शिक्का काही काळ पडत नव्हता. गठ्ठ्यांची संख्या तेवढी पाहणाऱ्याला वाटले असेल, सारे सुरळीत आहे."

"म्हणजे बिल मान्य, पण पैसे नाहीत," मामा पुटपुटले. सगळ्या गोष्टी फिरून त्यांच्या बिलापाशी येत होत्या, आणि मला त्यात गैर काही वाटले नाही. कारण त्यांचा शेवटचा आक्षेप अजून अनुत्तरित होता आणि तो त्यांनी आता, चहा निवाल्यावर, नीट मांडला. मेर्स्क आणि आयबीएम यांची जहाज-वाहतुकीची ट्रेडलेन्स ही खतावणी नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा चालकांनी कारण दिले ते साऱ्या व्यवसायाचे हवे तितके सहकार्य मिळाले नाही हे. नोंदीला किती सेकंद लागत, याची कुणी तक्रार केल्याचे त्यांच्या वाचनात आले नव्हते. येथेही तेच. कायदा २००६ चा, लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत असे तो सांगतो. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने या मंचांवर नोंदणीची सक्ती ५०० कोटींऐवजी २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांवर आणली. "पण सक्ती नोंदणीची," मामा म्हणाले. "बिल कधी मान्य करायचे ते त्यांच्या मर्जीवर. ९ तारखेपासून २४ तारखेपर्यंत माझे बिल कुणाच्या तरी पडद्यावर पडून होते. ते पंधरा दिवस तुझ्या घड्याळात कुठे आहेत?"

"नाहीत."

"का नाहीत?"

"कारण आमचे घड्याळ नोंद हाती आल्यावर सुरू होते. मान्यता ही एक नोंद, चढवणे ही दुसरी. दोहोंमधला काळ आमच्या खतावणीतच आहे, मामा, दोन्हींवर वेळ टिपलेली आहे. वजाबाकी करायला एक मिनिट लागणार नाही. पण तो आकडा फलकावर दाखवायचा तर खरेदीदाराची संमती हवी. आणि आमचे शुल्क तोच भरतो."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितले की मामांना काही क्षण शब्द सुचला नाही. माझे मत विचाराल तर, या साऱ्या संवादात मला याहून प्रामाणिक वाक्य ऐकू आले नाही. ज्याच्या विलंबाचे मोजमाप व्हावयाचे तोच घड्याळाचा धनी असला म्हणजे घड्याळ कुठून सुरू होईल हे निराळे सांगण्याची गरज राहत नाही, आणि त्यात त्या मुलीचा दोष नाही. ती ज्या दोन सेकंदांची राखण करते ते दोन सेकंद बिघडले तर तेविसाचे तीस व्हायला वेळ लागणार नाही, हेही तितकेच खरे.

"बिलांची सरमिसळ करून, नावे न घेता दाखवता येईल," ती थोड्या विचाराने म्हणाली. "चढवल्यापासून मान्यतेपर्यंत शंभरातल्या पन्नासाव्या बिलाला किती दिवस, पंचाण्णवाव्याला किती. पाहते विचारून. नाही म्हणतील बहुधा."

"विचार तर खरी."

इतक्यात तिचा फोन वाजला. घंटीसारखा नव्हे, एखादा किडा भिंगावर आपटावा तसा बारीक, हट्टी आवाज. तिने लॅपटॉप उघडला. पाच क्रमनोडांपैकी एक निपचित झाला होता. नोंदींचा वेग तोच होता, विलंब तोच, रेघ हिरवी. दाराशी कुणाला काही कळण्यासारखे नव्हते. मामा चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहत राहिले.

"कुणाची बिले आहेत आत्ता?"

"ते मला दिसत नाही, मामा. ठसे दिसतात फक्त."

तिने टंकलेखनाला सुरुवात केली. मामांनी काही न बोलता आपला चहाचा पेला आणि गेज टेबलावरून उचलून तिला जागा करून दिली, इन्व्हर्टरचा दिवा लागलेला आहे ना ते वाकून पाहिले, आणि मग रोजनिशीचे नवे पान उघडून घड्याळाकडे पाहत त्यावर वेळ लिहिली : ५ वाजून ४२ मिनिटे, एक बंद. सहाच्या सुमारास नोड उठला तेव्हा त्यांनी दुसऱ्या रकान्यात तीही वेळ घातली. जाताना भाचीने फोन काढून त्या पानाचा आणि त्याआधीच्या, पाच तारखांच्या पानाचा असे दोन्ही फोटो घेतले. तिने परवानगी विचारली नाही, आणि मामांनीही वही तिच्याकडे थोडी वळवून धरली.